मिशन गेले, मंडळी राहिली
बुलढाणा जिल्ह्यातील लहान ख्रिस्ती मंडळ्या आणि त्यांच्या कार्याचा फेरविचार

१२ एप्रिल २०२० हा पुनरुत्थानाचा रविवार होता. एरवी या दिवशी उजाडायच्या आत अनेक मराठी मंडळ्या दफनभूमीवर जमतात, आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, गीते गातात आणि मग चर्चमध्ये उपासनेला येतात. त्या वर्षी कोणीच घराबाहेर पडले नाही. बुलढाणा शहरात मार्च संपता संपताच कोरोनाचा बळी गेला होता, त्यामुळे धास्ती इतर ठिकाणांपेक्षा लवकर आली होती. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे थेट १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला परत खुली झाली.

मोठ्या शहरातल्या चर्चने हा काळ कॅमेरा लावून काढला. वीस-पंचवीस घरांच्या मंडळीचे तसे नसते. तिथे पाळकांचा पगार रविवारच्या अर्पणावर चालतो. पेटी वाजवणारा एकच असतो आणि पंचकमिटीतली निम्मी माणसे एकमेकांचे व्याही असतात. उपासना थांबली, अर्पणाची थैली फिरायची थांबली, पाळकांचे घरोघर जाणे थांबले. मग मंडळी म्हणून नेमके काय उरते, आणि ती कशासाठी आहे? हा प्रश्न टाळेबंदीत सर्वांच्या तोंडी आला, पण बुलढाणा जिल्ह्यात तो शंभराहून अधिक वर्षांत निदान तिसऱ्यांदा विचारला जात होता. आधीच्या दोन वेळी काय घडले, आज कोणकोणती उत्तरे मांडली जातात आणि कुठे घोडे अडले आहे, याचा हा आढावा.

घाटावरचे आणि घाटाखालचे

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८. त्याच जनगणनेत महाराष्ट्रभरातल्या ख्रिस्ती लोकांची संख्या १०,८०,०७३ होती, म्हणजे एक टक्क्याहून कमी. त्यांतले बहुतेक मुंबई, वसई, पुणे, अहमदनगर या पट्ट्यांतले. बुलढाण्यात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण राज्याच्या सरासरीच्याही बरेच खाली आहे.

इथली माणसे जिल्ह्याचे दोन भाग करून बोलतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. ख्रिस्ती मंडळ्यांचा नकाशाही साधारण तसाच पडला. घाटाखाली, रेल्वेच्या आणि कापसाच्या पट्ट्यात, खामगाव-मलकापूरकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम उभे राहिले. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर इकडे चर्च ऑफ द नाझरीन रुजले. कॅथलिक मंडळी १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येते. गेल्या काही दशकांत यांत स्वतंत्र प्रार्थनासभांची भर पडली. कोणाच्या अंगणात मांडव घालून, कोणाच्या भाड्याच्या खोलीत त्या भरतात, आणि कुठल्याच जुन्या मिशनशी त्यांचे नाते नसते.

या चौघांना एकाच मापाने मोजता येत नाही. कॅथलिक पॅरिशच्या मागे धर्मप्रांत उभा असतो, नाझरीन आणि अलायन्स मंडळ्यांच्या मागे त्यांची जिल्हा व राष्ट्रीय मंडळे असतात, आणि स्वतंत्र सभेच्या मागे बहुतेक वेळा एक कुटुंब असते. या लेखात भर पहिल्यापासून 'मिशन'च्या छायेत वाढलेल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांवर आहे, कारण छाया हटल्यावर काय करायचे हा प्रश्न त्यांनाच सर्वांत जास्त भेडसावला.

'मिशन' या शब्दाचा गुंता

वऱ्हाडात 'मिशन' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे जागा येते: मिशनचा दवाखाना, मिशनची शाळा, मिशन कंपाउंड, मोठाल्या कडुनिंबांमागचा बंगला. 'ते मिशनमध्ये राहतात' हे वाक्य आजही पत्ता म्हणून चालते. धर्मशास्त्रात या शब्दाचा अर्थ पाठवणी असा आहे. कोणी तरी, कोणाला तरी, कशासाठी तरी पाठवले. म्हणजे एकाच शब्दाचा एक अर्थ चुना-विटांचा आणि दुसरा पायी चालण्याचा. मराठी मंडळ्यांमधली पुष्कळशी वादावादी या दोन अर्थांच्या मधल्या फटीतून उगवते. 'आपले मिशन काय?' असे विचारले की एक जण कंपाउंडच्या भिंतीबद्दल बोलू लागतो आणि दुसरा सुवार्तेबद्दल.

हा गुंता नवा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हेन्री व्हेन आणि अमेरिकेत रूफस अँडरसन यांनी एक कसोटी मांडली होती: मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, स्वतःचा कारभार स्वतः पाहावा आणि स्वतःचा विस्तार स्वतः करावा. अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः हिंदुस्थानात आले. अमेरिकन मराठी मिशनची मुंबई-अहमदनगरकडची कामे त्यांनी पाहिली, आणि इंग्रजी शाळांवरचा भर कमी करून गावोगाव देशी पाळकांच्या मंडळ्या उभ्या करा, असा आग्रह धरला. यावर तेव्हाही कडाक्याचे मतभेद झाले. शाळा बंद करणे म्हणजे लोकांशी असलेली वाटच बंद करणे, असे मानणारे मिशनरी होते. कसोटी मात्र कागदावर टिकली आणि वऱ्हाडात मिशने आली तीही तिची भाषा बोलतच आली. प्रत्यक्षात मात्र दुष्काळ आडवा आला.

दुष्काळात जन्मलेल्या मंडळ्या

१८९६-९७ आणि लगोलग १८९९-१९०० असे दोन दुष्काळ वऱ्हाडावर कोसळले. दुसरा तो छप्पन्नचा, विक्रम संवत १९५६ चा. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या २९ लाखांच्या घरात होती, १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. वाढायची ती माणसे घटली.

याच सुमारास अलायन्सचे काम अकोल्याहून पसरत होते. जेनी फुलर या तिथल्या मिशनरी बाईंनी हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये निघाले. खामगावात मुलींचे अनाथालय उभे राहिले. दुसरीकडे, १८९८ च्या आरंभी एम. डी. वुड दांपत्य आणि त्यांचे सहकारी असा अमेरिकन मिशनऱ्यांचा एक छोटा गट मुंबईस उतरला आणि पुढे बुलढाण्यात स्थिरावला. १९०४ मध्ये लेटन ट्रेसी त्यांना येऊन मिळाले. त्यांना पाठवणारी संघटना पुढे चर्च ऑफ द नाझरीनमध्ये विलीन झाली. ते चर्च १९०८ मध्ये टेक्ससमधल्या पायलट पॉइंट येथे आकाराला आले. म्हणजे आज जगभर पसरलेल्या या संप्रदायाचे परदेशातले सर्वांत जुने कार्यक्षेत्र त्या संप्रदायाहूनही दहा वर्षांनी मोठे आहे, आणि ते बुलढाणा आहे. जिल्ह्यातल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक असेल.

सुवार्ता सांगायला आलेल्या या माणसांच्या दारात उपाशी मुले उभी होती. ठरवून आलेले काम बाजूला ठेवून त्यांना धान्य, दवा आणि छप्पर यांच्या मागे लागावे लागले. केडगावला पंडिता रमाबाईंच्या बाबतीतही हेच घडले. बालविधवांसाठी शारदासदन काढणाऱ्या रमाबाई दुष्काळी मुलखातून शेकडो मुली-स्त्रिया घेऊन आल्या आणि त्यातून मुक्तिसदन वाढले. संकटामुळे कार्याची दिशा बदलते याचे मराठी ख्रिस्ती इतिहासातले हे मोठे उदाहरण.

पण याचे परिणाम दुहेरी होते, आणि अभ्यासकांत इथेच पहिला मतभेद आहे. एका बाजूचे म्हणणे असे की दुष्काळाने मंडळीला तिचा खरा चेहरा दिला. अनाथालयातून वाचलेली मुले पुढे शिक्षक, परिचारिका, सुवार्तिक, बायबलबाई झाली. ती नसती तर मंडळीच नसती. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की याच काळात देणारा आणि घेणारा हे नाते घट्ट झाले. ज्या मंडळीचे पहिले सभासद मिशनच्या ताटात जेवून वाढले, तिला स्वतःचा खर्च स्वतः भागवण्याची सवय कधी लागणार? व्हेन-अँडरसन यांची कसोटी दुष्काळी छावणीत लावताच आली नाही.

मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात, पण तोल पहिल्याकडे झुकतो. उपाशी मुलाला आधी स्वावलंबन शिकवा असे म्हणणे कुठल्याही धर्मात बसत नाही. चूक झाली असेल तर ती नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत. दुष्काळ सरला तरी व्यवस्था तीच राहिली. टँकरने येणारे पाणी पुरते म्हणून विहिरीचा गाळ काढायचा राहून जातो, तसे झाले. १९३० च्या मंदीत अमेरिकेतून येणारा पैसा आटला तेव्हा ते पहिल्यांदा जाणवले. तरीही त्याच दशकात नाझरीन मिशनने वाशीमचे क्षेत्र मेथॉडिस्टांकडून घेतले आणि डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी १९३८ मध्ये तिथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले. मेहकर-रिसोडकडच्या कित्येक घरांत अजूनही 'मिशनचा दवाखाना' म्हणजे वाशीमच.

१९५० चे दशक: एकामागून एक धक्के

दुसरा फेरविचार स्वातंत्र्यानंतर आला. १९५० ते १९५६ या सहा-सात वर्षांत इतके काही घडले की त्याचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही.

१० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. वऱ्हाडातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत महार, मांग समाजांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी हा आदेश म्हणजे शाळेची फी, नोकरीचा अर्ज, मुलाचा दाखला होता.

त्या काळी बुलढाणा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. १९५४ मध्ये त्या सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी समिती नेमली. समितीने ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली आणि १४ जिल्ह्यांत दौरे केले. त्यांत वऱ्हाडातले जिल्हेही होते. १९५६ च्या अहवालात परदेशी पैशावर आणि धर्मांतरासाठी दवाखाने-शाळांचा उपयोग करण्यावर कडक टीका होती. अनेक ख्रिस्ती संस्थांनी समितीच्या कार्यपद्धतीवर आणि सरसकट निष्कर्षांवर आक्षेप घेतले. तुरळक तक्रारींवरून सगळ्या समाजावर शिक्का मारला गेला, हे त्यांचे मुख्य म्हणणे. समितीचे समर्थक म्हणत, आणि आजही म्हणतात, की गरिबीचा आणि सेवेचा संबंध धर्मांतराशी जोडला गेला होता हे नाकारता येत नाही. समितीवरचे एकमेव ख्रिस्ती सदस्य होते वर्ध्याचे एस. के. जॉर्ज, गांधीजींच्या विचारांचे प्राध्यापक. अहवालाची एक शिफारस मात्र फारशी आठवली जात नाही: भारतीय ख्रिस्ती लोकांनी परदेशी आधाराशिवाय चालणारे एकत्र, स्वतंत्र चर्च उभारावे. रूफस अँडरसन शंभर वर्षांपूर्वी जे मागत होते, तेच वेगळ्या हेतूने आणि वेगळ्या आवाजात परत आले होते.

मग १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि वऱ्हाडातली गावेच्या गावे बौद्ध झाली. ख्रिस्ती मंडळींच्या घरचे, नात्यातले, एकाच आडनावाचे लोक आता वेगळ्या वाटेने निघाले. त्यांच्या वाटेत आत्मसन्मान होता, चळवळ होती, स्वतःचा नेता होता, आणि परदेशी असल्याचा ठपका नव्हता. मंडळीच्या दृष्टीने हा सर्वांत खोल धक्का असावा, आणि सर्वांत कमी लिहिला गेलेलाही. पुढच्या अठरा दिवसांत, १ नोव्हेंबरला, विदर्भ मुंबई राज्यात गेला.

त्याच दशकात नव्या परदेशी मिशनऱ्यांच्या येण्यावर मर्यादा आल्या. पुढच्या काळात एकेक बंगला रिकामा झाला. चीनमधून मिशनरी बाहेर काढले गेले होते. त्या पार्श्वभूमीवर १९५२ मध्ये जर्मनीतल्या विलिंगेन येथे भरलेल्या परिषदेत एक विचार पुढे आला: मिशन हे चर्चचे नव्हेच, ते देवाचे आहे, आणि चर्चला त्यात फक्त वाटा मिळतो. डेव्हिड बॉश यांच्या १९९१ च्या ग्रंथाने तो जगभर नेला. वऱ्हाडात याच काळात पाळक इथेच घडवण्याची सोय वाढली. यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. ती १९८३ मध्ये पुण्याला गेली. सेमिनरी पुण्याला गेली याचाही खेड्यातल्या मंडळीवर परिणाम झाला असणार. शिकायला पुण्यात गेलेला तरुण मलकापूर तालुक्यातल्या गावी परत येतोच असे नाही.

आजची अडचण

तिसरा धक्का एकट्या कोरोनाचा नाही. पश्चिम विदर्भातली शेती त्याआधी दोन दशके मोडकळीला आली होती. २००६ मध्ये पंतप्रधानांनी ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली त्यांत बुलढाणा होता. सोयाबीन-कापसावर घर चालत नाही म्हणून पोरे पुण्याला, संभाजीनगरला, मुंबईला गेली. मंडळीचा कणा असलेला तरुण संघ सणापुरता भरू लागला.

सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा आणखी कडक झाला. पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत यावा, एका संस्थेने तो दुसरीला देऊ नये, कारभाराचा खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा. वरून खाली झिरपणारी जी थोडी मदत लहान मंडळ्यांपर्यंत पोहोचत होती तिची वाट यामुळे अरुंद झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने सक्तीच्या धर्मांतरांसंबंधी कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. घरगुती प्रार्थनासभा घ्यावी की नाही, शेजारच्या आजारी बाईसाठी प्रार्थना करावी की नाही, हे प्रश्न त्यामुळे व्यवहाराचे झाले. दुसऱ्या बाजूला, फसवून किंवा आमिषाने होणाऱ्या धर्मांतराची चिंता मांडणाऱ्यांना राज्याने लक्ष घालणे हे आपले रास्त मागणे वाटते.

टाळेबंदीत मंडळ्यांनी जे केले ते साधे होते. मोबाइलवर कॉन्फरन्स कॉल लावून प्रार्थना झाली, व्हॉट्सअॅपवर वचन आणि गीत फिरले. म्हाताऱ्यांकडे साधे फोन होते, ते यातून सुटले. ज्यांच्याकडे स्मार्टफोन होते त्यांना यूट्यूबवर मोठमोठे उपदेशक सापडले आणि गावच्या पाळकांचा उपदेश फिका वाटू लागला. हे नुकसान आजवर भरून निघालेले नाही.

मांडली जाणारी उत्तरे

पहिले उत्तर सुवार्तेचे. मंडळी लहान झाली, कारण तिने साक्ष द्यायचे सोडले, असे हे लोक मानतात. या मताला डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा मोठा आधार आहे. ते जन्मले मध्य प्रांतात दमोहला, काम केले तिथल्याच गावांत, आणि १९५५ च्या पुस्तकात त्यांनी म्हटले की माणसे एकटी येत नाहीत. नात्यागोत्याच्या पुलावरून, कुळाकुळाने येतात. या विचाराने प्रेरित झालेल्या स्वतंत्र सभा खरोखर वाढतात, आजाऱ्यांसाठी प्रार्थना हे त्यांचे बळ आहे. आक्षेप दोन. कुळाकुळाने वाढणारी मंडळी जातीच्या रेषेवरच वाढते आणि ती रेषा चर्चमध्ये आणते. शिवाय संशयाच्या वातावरणात याची किंमत वीस घरांच्या मंडळीला मोजावी लागते, पुस्तक लिहिणाऱ्याला नाही.

दुसरे उत्तर सेवेचे. वाशीमचा दवाखाना, बोर्डिंग, शाळा यांनीच मंडळीला समाजात मान दिला, तेव्हा संकटातही तोच धागा धरावा. लहान मंडळी दवाखाना कुठून चालवणार, हा नेहमीचा प्रतिप्रश्न. पण या मताची अलीकडची मांडणी संस्थेपेक्षा सोबतीवर भर देते. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलेल्या रुग्णासोबत कोण थांबते? पीकविम्याचा अर्ज कोण भरून देते? घरचा कर्ता गेल्यावर तेराव्यानंतर, सगळे पाहुणे परतल्यावर, त्या बाईकडे कोण जाऊन बसते? शेजारी हिंदू असो, बौद्ध असो, मुसलमान असो, हे काम करायला परदेशी पैसा लागत नाही आणि समितीची परवानगीही लागत नाही. मला या मांडणीत सर्वांत जास्त तथ्य वाटते, कारण हे काम मंडळ्या आजही करतात. महिला मंडळाच्या बायका ते वर्षानुवर्षे करत आल्या आहेत, त्याला कोणी 'मिशन' म्हटले नाही एवढेच. विरोधक विचारतात, मग मंडळी आणि एखादे चांगले सेवाभावी मंडळ यांत फरक काय उरला? प्रश्न खरा आहे आणि सेवेचा पुरस्कार करणारे त्याला सारखे उत्तर देत नाहीत.

तिसरे उत्तर न्यायाचे. मूळचे महाराष्ट्रातले अरविंद निर्मळ यांनी १९८० च्या दशकात दलित धर्मशास्त्राची पायाभरणी केली. मंडळीचे कार्य तिच्या सभासदांच्या जातीच्या अनुभवातून सुरू व्हावे, हा त्याचा गाभा. १९५० च्या आदेशाला दिलेली आव्हाने सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालली आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली, २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एका निकालात न्यायालयाने ख्रिस्ती धर्म पाळत राहून केवळ सवलतीसाठी हिंदू असल्याचा दावा अमान्य केला. या मांडणीचे बळ तिच्या सत्यात आहे, दुबळेपण हे की ती सेमिनरीच्या वर्गातून गावच्या व्यासपीठावर फारशी उतरली नाही. जातीबद्दल चर्चमध्ये बोलायचे नाही, असा अलिखित नियम अजून पुष्कळ ठिकाणी आहे.

चौथे उत्तर नारायण वामन टिळकांच्या वाटेने जाते. टिळकांच्या श्रद्धेची सुरुवात विदर्भाशी जोडलेली आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका इंग्रज सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर बावीस वर्षे त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले आणि १९१७ मध्ये ते सोडून 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूला गुरू मानणारे सगळे त्यात एकत्र बसतील, मिशनचा पगार नसेल, भजन-कीर्तन ही उपासना असेल, अशी त्यांची कल्पना होती. मे १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. तरीही कुठलाही खळबळीचा काळ आला की मराठी ख्रिस्ती माणसांना तो आठवतो. मिशन संपल्यावर मंडळी कशी असेल, हे मिशन जोरात असतानाच विचारणारा हा प्रयोग होता. आजच्या संदर्भात त्याचे समर्थक म्हणतात की उंच भिंतीचे कंपाउंड आणि परकी चाल सोडून मंडळी मराठी मातीत उतरली तर संशयही कमी होईल. टीकाकार दोन बाजूंनी येतात. संप्रदायांचे नेते म्हणतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन सैल केले तर मंडळीला आकार राहत नाही. दलित विचारवंत म्हणतात, संतपरंपरेची ही ओढ ब्राह्मणातून आलेल्या कवीला सुखाची, ज्यांना विठ्ठलाच्या देवळाबाहेर ठेवले गेले त्यांच्या नातवंडांना ती तितकी आपली वाटेलच असे नाही. दुसरा आक्षेप पेलणे कठीण आहे.

पाचवे उत्तर अलीकडचे आणि अजून कच्चे: लहानपण हीच मंडळीची घडण मानावी. रोलंड ॲलन यांनी १९१२ मध्येच विचारले होते की पौल एखाद्या गावी थोडेच दिवस राहून मंडळी तिथल्या वडिलांच्या हाती सोपवून पुढे जात असे, मग आपण पन्नास वर्षे का मुक्काम ठोकतो? टाळेबंदीत घरोघरी उपासना झाल्या, वडील माणसांनी वचन वाचले, आईने प्रार्थना चालवली. याला हंगामी सोय मानायचे की हेच रूप पुढे चालवायचे? पाळक स्वतःची नोकरी वा शेती सांभाळून सेवा करतील का? यात खर्च वाचतो, पण शिकवण कोण सांभाळणार, पैशाचा हिशेब कोण तपासणार, आणि एका घराण्याची सत्ता झाली तर तिला कोण आवरणार, ही भीती खोटी नाही. कॅथलिकांना तर ही वाट जवळजवळ बंदच आहे. धर्मगुरूशिवाय मिस्सा नाही.

न सुटलेले

जागेचा प्रश्न सर्वांत अवघड. मिशनच्या जमिनी आणि इमारती विश्वस्त संस्थांच्या नावे आहेत आणि महाराष्ट्रात त्यांचा कारभार धर्मादाय आयुक्तांच्या नजरेखाली चालतो. कोर्टकचेऱ्यांत अडकलेली मालमत्ता हे राज्यभरच्या जुन्या मिशन मंडळ्यांचे दुखणे आहे. कंपाउंड विकून पाळकांचा पगार सोडवावा, भाड्याने द्यावे, की कुठल्याही परिस्थितीत राखावे? तीनही मतांचे प्रामाणिक लोक भेटतात. दफनभूमीबाबत मात्र दुमत नाही, ती कोणालाच सोडायची नाही.

दुसरा प्रश्न स्त्रियांचा. बायबलबाईंनी वऱ्हाडातली गावे पायी तुडवली, पण छापील इतिहासात बहुतेकींची नावे नाहीत. आज मंडळीचे रोजचे काम बहुतांशी त्यांच्याच हातात आहे. पंचकमिटीत आणि व्यासपीठावर त्यांची जागा संप्रदायागणिक, गावागणिक बदलते. कार्याचा फेरविचार कोणी करायचा, या प्रश्नातच हा दुसरा प्रश्न दडलेला आहे.

तिसरी उणीव अभ्यासाची. या जिल्ह्यातल्या मंडळ्यांबद्दल जे लिहिले गेले ते बहुतेक मिशनऱ्यांच्या पत्रांतून आणि अहवालांतून, देणगीदारांना डोळ्यांपुढे ठेवून. मंडळीची स्वतःची साधने वेगळी असतात: बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या नोंदवह्या, पंचांच्या सभांचे वृत्तांत, हंगामाच्या सणाला कोणी किती पायल्या ज्वारी दिली याचे हिशेब. छप्पन्नच्या दुष्काळात, १९५६ नंतर आणि कोरोनात या वह्यांत काय बदलले, हे कोणी शेजारी ठेवून वाचलेले माझ्या पाहण्यात नाही. वाळवी लागण्याआधी ते व्हायला हवे.

आणि एक गोष्ट अगदी जवळ आली आहे. २०११ नंतरची पहिली जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून होणार आहे आणि तीत जातीचीही नोंद असेल. प्रगणक दारात येईल. धर्माच्या रकान्यात काय सांगायचे, जातीच्या रकान्यात काय, पोराच्या दाखल्यावर वेगळे लिहिले आहे त्याचे काय करायचे, यावर खामगावच्या किंवा मेहकरच्या एकाच मंडळीत, एकाच घरातल्या दोन भावांत, आज एकमत नाही.